भरतीरेषेच्या आतले घर

'घर पाहावे बांधून' अशी म्हण आपल्याकडे आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याला चिरा, चुना, सुतार आणि गवंडी एवढ्याच विवंचना ठाऊक असाव्यात. मालवणच्या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला, किंबहुना वाडवडिलांच्या घराची पडवी सावरणाऱ्यालाही, आणखी एक विवंचना असते. ती म्हणजे कायदा. हा कायदा कालपरवा दिल्लीहून उतरला, अशी पुष्कळांची समजूत आहे. इतिहास थोडे निराळे सांगतो.

कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजी आरंभ झाला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. अशा बांधकामाची शिस्त कशी असावी, हे पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आले. गडावर राजमंदिराखेरीज थोर इमारत नसावी, दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, असे त्यात सांगितले आहे. आरमाराला लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये; झाड जीर्णच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. का, तर ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. नियम सांगताना त्याचे कारणही सांगावे, ही जाण त्या राज्यकर्त्यांना होती.

इंग्रजी अमदानीत १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने शहरांतील बांधकामावर देखरेख आली. ग्रामपंचायतीची परवानगी १९५८ च्या कायद्याने, तर नगररचनेची १९६६ च्या कायद्याने घेणे भाग पडले. इथवर गाडी बरी चालली होती. घर आपले, जागा आपली, पंचायत ओळखीची.

समुद्राचा कायदा मात्र निराळा. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनाऱ्याच्या राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची भूमी मोकळी राखण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी त्याची अधिसूचना झाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम वर्ज्य ठरले आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत मर्यादित बांधकामास वाव राहिला. खाडीच्या काठाला १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते अंतर लागू झाले. हे आकडे कागदावर सोपे दिसतात. पण देवबाग डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, आणि मध्ये माडांनी धरून ठेवलेली वाळूची चिंचोळी पट्टी. दोन्हीकडून अंतरे मोजत गेले, की गावाला मोकळी जागा उरते ती किती?

तरीही हा कायदा निष्कारण नव्हे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात या किनाऱ्यावरची कौले कशी उडाली आणि माड कसे आडवे झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना समुद्रापासून अंतर का राखावे हे निराळे सांगायला नको. प्रश्न अंतराचा नाही, एका शब्दाचा आहे. १९९१ च्या अधिसूचनेने वर्ज्य पट्ट्यातील जुन्या घरांच्या दुरुस्तीस मुभा दिली, परंतु घर 'अधिकृत' असेल तरच. आजोबांनी चिऱ्यावर चिरा रचून उभारलेल्या घराला अधिकृत म्हणायचे कशावरून? सात-बारावर आजोबांचेच नाव, खाली सहहिस्सेदारांची रांग आणि त्यांतले निम्मे मुंबईला. हाती असते ती घरपट्टीची पावती. ती परवाना नव्हे. मात्र घर अमुक साली उभे होते याचा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे. पुष्कळ घरांत तीच पहिल्यांदा वाळवीच्या तोंडी जाते!

खुद्द सिंधुदुर्गात राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती याहून नाजूक. किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने अशा स्मारकांभोवतीचे १०० मीटर निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित ठरले. तिथे जुन्या घराची डागडुजी करायची तर २०१० च्या दुरुस्तीनुसार सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज हवा, आणि घर १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा हवा. म्हणजे पुन्हा कागद!

कायद्याने दार अगदीच लावून घेतले आहे असे नाही. परवानगीवाचून उभी राहिलेली मच्छीमार व अन्य पारंपरिक किनारवासीयांची घरे नियमित करण्याची तरतूद २०११ च्या अधिसूचनेत झाली. अटी दोन: घराचा व्यापारी वापर नसावा, आणि ते बाहेरच्या माणसाला विकू नये. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता आणि पाहुण्यांसाठी खोल्या उघडत होत्या. अशा वेळी पहिल्या अटीचा अर्थ घरधन्याला वेळीच समजावून सांगणे केवढे अगत्याचे होते! २०१९ च्या अधिसूचनेने पुढे घराचे जोते व दर्शनी रूप न बदलता स्थानिकांना पाहुणे ठेवण्यास वाव दिला. पण ज्याने हे वाचले नाही त्याने आधीच वर स्लॅब चढवला, की वाव संपला.

नोटीस घरापर्यंत चालत येते. सवलत मात्र माणसाला शोधत जावी लागते. म्हणून भरतीरेषेचा मराठी नकाशा प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगावा. शेजारी लागणाऱ्या कागदांची यादी आणि प्रत्येक मनाईचे कारण लिहावे. आठवड्यातून एक दिवस अर्ज लिहून देणारा जाणता माणूस तिथे बसवावा. आंब्याचे झाड तोडण्यापूर्वीसुद्धा धन्याशी बोलावे, असे या मुलखातल्या राज्यकर्त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. घराच्या बाबतीत तरी त्याहून कमी नसावे.