अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरातील चादरी : निवड, निगा आणि हिशेब

बडोदा शहराच्या दक्षिणेकडील मांजलपूर हा मुळात राहत्या घरांचा भाग. गायकवाडी काळापासून बडोद्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे शहराच्या इतर भागांप्रमाणे येथेही आहेत. मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत जवळ असल्याने कारखान्यांच्या कामासाठी चार-आठ दिवस येणारे अभियंते येथे उतरतात. सयाजीराव विद्यापीठात मुलांच्या प्रवेशासाठी पालक येतात, नवरात्रात गरब्यासाठी आप्तेष्ट आणि पाहुणे येतात, हिवाळ्यात परदेशस्थ कुटुंबे महिनाभर मुक्काम करतात. सुमारे ९० किलोमीटरवरील केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले चांपानेर-पावागड पाहणारे पर्यटकही बडोद्यात मुक्काम करतात. अशा वस्तीत रिकामी सदनिका किंवा वरचा मजला काही दिवसांच्या बोलीने भाड्याने देणे हा अनेक घरांचा जोडधंदा होऊ शकतो.

गोव्यात हा व्यवसाय नवा नाही. मात्र मांजलपूरचा मालक असो वा म्हापशाचा, दोघांनाही एक अडचण सारखीच भेडसावते. सकाळी ११ वाजता एक पाहुणा निघतो आणि दुपारी २ वाजता दुसरा दारात उभा राहतो. मधल्या तीन तासांत खोली स्वच्छ व्हायची असते आणि पलंगावर डाग नसलेली, कोरडी, सुरकुती नसलेली चादर अंथरायची असते. म्हणूनच या व्यवसायातील चादर दुकानात हाताला किती मऊ लागते यावरून निवडून चालत नाही. ती धुलाईला किती टिकेल, यावरून निवडावी लागते.

घरची चादर आणि भाड्याच्या घरातील चादर

घरातील चादर आठ-पंधरा दिवसांनी बदलली जाते आणि कपाटातील सात-आठ चादरींत तिची पाळी उशिरा येते. भाड्याच्या खोलीचा हिशेब वेगळा आहे. खोली वर्षात २०० रात्री भरली आणि सरासरी मुक्काम दोन रात्रींचा धरला, तर १०० वेळा चादर बदलावी लागते. त्या पलंगासाठी तीन संच असतील, तर प्रत्येक चादर वर्षाला ३३ वेळा धुतली जाते. तीही गरम पाण्यात, डाग काढण्याच्या द्रव्यासह आणि अनेकदा घाईने.

यावरून किमतीचाही खरा अर्थ कळतो. समजा, ९०० रुपयांची चादर ६० धुलायांत विरली, तर प्रत्येक वापराला १५ रुपये पडले. १५०० रुपयांची चादर १५० धुलाया टिकली, तर तोच खर्च १० रुपयांवर येतो. छापील किंमत पाहून स्वस्त ठरणारी चादर वर्षअखेरीस महाग पडते, ती अशी.

सूत, मिश्रण की पॉलिस्टर?

शुद्ध सुती कापड घाम शोषते आणि गरम पाणी सहन करते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा पाहुण्याला सुती चादरीइतके सुखावह दुसरे काही नाही. तिचे दोष दोन : ती चुरगळते आणि वाळायला वेळ घेते.

सूत आणि पॉलिस्टर यांचे मिश्रण लवकर वाळते, इस्त्रीवाचून बऱ्यापैकी सपाट राहते आणि आटतही कमी. मात्र पॉलिस्टरचा धागा तेल धरून ठेवतो. केसांच्या तेलाचा पिवळट डाग अभ्र्यावर बसला की तो सुतापेक्षा मिश्रणातून काढणे अवघड. शिवाय वारंवार घर्षणाने अशा कापडावर बारीक गुठळ्या येतात आणि चादर जुनाट दिसू लागते. मिश्रण घ्यायचेच असेल, तर सुताचे प्रमाण निम्म्याहून अधिक असावे. मायक्रोफायबर या नावाने विकले जाणारे कापड बहुधा संपूर्ण पॉलिस्टर असते. ते स्वस्त व हलके असले, तरी उकाड्यात अंगाला चिकटते.

व्यवहारात मधला मार्ग सोयीचा ठरतो. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात गच्चीवरची सुती चादर दोन-तीन तासांत वाळते, त्यामुळे तेथे शुद्ध सूत परवडते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. तेथे पावसाळ्यापुरता मिश्रणाचा एक जादा संच बाळगावा आणि उरलेले आठ महिने सूत वापरावे. दोन्ही ठिकाणी अभ्रे मात्र सुतीच असावेत, कारण गाल आणि केस त्यांनाच टेकतात.

विक्रेत्याच्या शब्दाची पडताळणी घरीही करता येते. कडेचा एखादा धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

धागासंख्येचा मोह

चादरीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत थ्रेड काउंट, म्हणजे धागासंख्या, छापलेली असते. एक इंच लांब व एक इंच रुंद कापडात ताण्याचे आणि बाण्याचे मिळून किती धागे आहेत, हे तो आकडा सांगतो. संख्या वाढली की प्रत वाढली, हा समज अर्धवट खरा आहे. दोन पदरी धागा दोनदा मोजून आकडा फुगवता येतो. तसेच फार दाट विणीसाठी धागा बारीक घ्यावा लागतो आणि बारीक धागा सततच्या धुलाईत लवकर झिजतो. भाड्याच्या घरासाठी २०० ते ३०० या दरम्यानची एकपदरी धाग्याची चादर पुरेशी असते.

आकड्यापेक्षा वीण महत्त्वाची. एक धागा वर, एक खाली अशी साधी वीण, व्यापाऱ्यांच्या भाषेत पर्केल, सर्वांत टिकाऊ. साटीन विणीत धागा अनेक धाग्यांवरून तरंगत जातो. त्यामुळे झळाळी येते, पण तोच सुटा धागा पैंजणात, घड्याळाच्या पट्ट्यात किंवा पायाच्या नखात अडकतो. विंचरून आखूड तंतू काढलेल्या, म्हणजे कोम्ब्ड सुताच्या कापडावर गुठळ्या कमी येतात.

मापात चूक नको

चादर सतत सुटून येत असेल, तर दोष बहुधा मापाचा असतो. ७८ बाय ७२ इंचांच्या गादीवर १०८ बाय १०८ इंचांची चादर सर्रास घेतली जाते. सुती कापड पहिल्या काही धुलायांत ५ टक्के आटले, तर १०८ इंचांचे १०२ ते १०३ इंच होतात. गादी ६ इंच जाड असेल, तर दोन्ही बाजूंची जाडी वजा जाता लांबीकडे खोचण्यासाठी प्रत्येकी सहा इंच उरतात. तेवढ्यात निभावते. गादी १० इंच जाड असेल, तर हाती दोनच इंच राहतात आणि पाहुण्याने एकदा कूस बदलताच गादी उघडी पडते. म्हणून आधी गादीची जाडी मोजावी आणि मग कापड न आटणारे आहे का, हे विचारावे.

कडेला इलॅस्टिक असलेली चादर झटपट बसते, पण गरम पाण्यात इलॅस्टिक लवकर सैल होते आणि घडी घालणे त्रासाचे जाते. साधी चौकोनी चादर उलटसुलट फिरवून वापरता येते, त्यामुळे झीज एकाच जागी होत नाही. काठाची दुमड रुंद व शिलाई दुहेरी असावी. अभ्र्याला बटण वा चेन नको; पाकिटासारखी आत वळणारी घडी पुरते.

वजनाचाही विचार व्हावा. १०८ इंच चौरस चादरीचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात चौरस मीटर. कापड चौरस मीटरला १२० ग्रॅमचे असेल, तर चादर ९०० ग्रॅमची. १८० ग्रॅमचे असेल, तर जवळपास १३५० ग्रॅमची. हाताने पिळलेल्या सुती कापडात त्याच्या वजनाइतके पाणी सहज राहते. म्हणजे जड चादर ओली असताना पावणेतीन किलोंची होते. घरकाम करणारी बाई अशा चार चादरी बादलीतून गच्चीवर नेते, तेव्हा कापडाच्या निवडीचा भार तिच्या कमरेवर पडतो. जाडपणाची हौस चादरीत न भागवता वरून पसरायच्या पलंगपोसात भागवावी. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर त्या कामाला उत्तम. ती रोज धुवावी लागत नाही.

रंग : पांढरा की नक्षीदार?

पांढऱ्या चादरीवर प्रत्येक डाग दिसतो. तोच तिचा गुण. पाहुण्याला स्वच्छतेची खात्री पटते आणि एक चादर बाद झाली, तर तिच्या जोडीची दुसरी बाजारात मिळते. नक्षीदार चादरीचा नमुना वर्षभराने मिळेनासा होतो.

रंगीत कापड घेताना रंगाचा पक्केपणा तपासावा. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून पाहावा. रंग उतरला, तर चादर परत करावी. या विषयाशी बडोद्याचे जुने नाते आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात रंगाईचे शास्त्रीय शिक्षण दिले जाई. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनज्ञ होते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर फासलेले डांबर काढण्याचे कामही त्यांनी केले होते. कोणता रंग कोणत्या रसायनाला टिकतो, हे जाणल्यावाचून डाग काढू नये, हा धडा आजही लागू आहे. व्हॅट प्रकारचे रंग क्लोरीनयुक्त ब्लीचला पुष्कळ अंशी दाद देत नाहीत; इतर अनेक रंग त्यात फिके पडतात.

डागांचे गणित

रक्ताच्या डागावर प्रथम थंड पाणीच वापरावे. गरम पाण्याने त्यातील प्रथिने गोठतात आणि डाग पक्का होतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, म्हणून घाबरू नये. धुऊन कडक उन्हात टाकल्यास तो फिका पडत जातो. तेलाच्या डागावर भांड्यांचा द्रवसाबण कोरड्यावरच चोळावा. नवरात्र आणि लग्नसराईत मेंदी लावलेले हात पलंगावर टेकणारच. तेव्हा गडद रंगाचा एक टॉवेल व जादा अभ्रा खोलीत ठेवणे हाच शहाणपणा.

गोव्याचे डाग निराळे. तांबड्या मातीत लोह असते आणि ब्लीचने ते जात नाही. माती वाळू द्यावी, झटकावी आणि मग धुवावे. काही सनस्क्रीनमधील द्रव्य पाण्यातील लोहाशी मिळून नारिंगी डाग पडतो. त्यावर ब्लीच घातल्यास तो अधिक गडद होतो. ब्लीच आणि आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पांढऱ्या चादरी करड्या पडण्यामागे अनेकदा पाणी असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. विंधन विहिरीच्या कठीण पाण्यात साबणाची साय धाग्यांत अडकते. अशा ठिकाणी वडीऐवजी पावडर किंवा द्रव डिटर्जंट वापरावे आणि कापड दोनदा खळबळावे. ढेकूण व धुळीतील सूक्ष्म किडे मारण्यासाठी सुती कापड ६० अंश सेल्सिअसला धुणे परिणामकारक ठरते.

किती संच?

एका पलंगाला तीन संच हा किमान नियम : एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा. अभ्रे लवकर खराब होतात, म्हणून उशीमागे चार. गादीवर पाणी न झिरपणारे आच्छादन हवेच. चादर बदलता येते, गादी नाही. ओलसर चादर कधीही घडी करून ठेवू नये. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की सहसा जात नाहीत. कपाटात डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. गोळ्यांचा वास पाहुण्याला खटकतो.

चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने खरेदीचा महिना टाचून ठेवला, तर कोणती किती चालली हे कळते आणि सर्व संच पाळीपाळीने वापरले जातात. उजेडासमोर धरल्यावर मधला भाग विरळ दिसू लागला की चादर पलंगावरून उतरवावी आणि तिच्या मजबूत कडांचे अभ्रे शिवावेत.

सर्व चादरी एकदम विकत घेण्याचा मोह टाळलेला बरा. आधी एकच चादर आणावी, घरच्याच पाण्यात, घरच्याच यंत्रात पाच वेळा धुवावी, वाळवावी आणि पुन्हा मोजावी. माप, रंग आणि शिलाई या तिन्ही कसोट्यांना ती उतरली, तरच उरलेल्यांची मागणी नोंदवावी.