रायगड किनाऱ्यावरील वृद्धाश्रम आणि मधुमेह

कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले. त्यापूर्वीच्या अनेक दशकांत उरण, अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन या पट्ट्यातील कितीतरी कर्ते पुरुष पोटासाठी मुंबई गाठत आणि म्हातारी माणसे सुना-नातवंडांच्या आधाराने गावी राहत, त्यामुळे वृद्धांची शुश्रूषा ही घराचीच जबाबदारी मानली जाई. मधुमेहावरील उपचारांची घडीही याच गृहीतावर बसली. १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन प्रथम रुग्णाला देण्यात आले आणि १९५५ मध्ये डॉ. एस. एस. आजगावकरांनी मुंबईत स्थापन केलेल्या मधुमेह संघटनेने रुग्णशिक्षणावर भर दिला. परंतु पथ्य सांभाळणे व वेळेवर औषध देणे हे काम प्रत्यक्षात कुटुंबाकडेच राहिले.

याउलट, निराधारांच्या संस्थांची परंपरा अन्न, वस्त्र आणि निवारा यांभोवती वाढली. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह १८६०च्या दशकातले. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनात पुढे वृद्धाश्रमही आला. १९९५ नंतर राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली, तर ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा निवासाची कल्पना मांडली.

मधुमेही वृद्धाला मात्र निवाऱ्याबरोबर जाणकार नजरही लागते. इन्सुलिन टोचल्यावर भाताचे ताट उशिरा आले किंवा अर्धेच संपले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली उतरू शकते. या अवस्थेत वृद्धाला अनेकदा घाम फुटण्याऐवजी नुसते असंबद्ध बोलणे वा गुंगी दिसते आणि ती ‘वयोमानाची’ समजून सोडून दिली जाते. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा मिलिलिटरमागे ४० एककांच्या असतात, त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० एककांची नारिंगी टोपणाची सिरिंज चुकून वापरल्यास मात्रा बिघडते. साखर अशी नकळत उतरण्याच्या धोक्यामुळेच अशक्त वृद्धांत ती काटेकोरपणे खाली आणण्यापेक्षा धोकादायकरीत्या उतरू न देणे वैद्यक अधिक महत्त्वाचे मानते.

घराने पेललेले काम संस्थेकडे येताना त्यामागचे ज्ञानही तिच्याकडे यायला हवे. यापुढे वृद्धाश्रमाची मान्यता खाटांच्या संख्येइतकीच प्रशिक्षित परिचारिकेच्या उपस्थितीवर ठरली पाहिजे.