२३ फेब्रुवारी २०१३ : पिंजऱ्यात उतरल्या दोघी

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे या दिवशी यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या अष्टकोनी पिंजऱ्यात प्रथमच दोन स्त्रिया समोरासमोर आल्या : विजेती रोंडा राउझी आणि तिला आव्हान देणारी लिझ कार्मूश. माजी मरीन सैनिक असलेल्या कार्मूशने सुरुवातीलाच राउझीच्या पाठीवर चढून तिची मान आवळली. राउझी कशीबशी निसटली. फेरी संपायला ११ सेकंद उरले असताना तिने ज्युदोतला आपला हुकमी डाव, आर्मबार, टाकला आणि कार्मूशने हार मानली.

यूएफसीत बायका कधीच लढणार नाहीत, असे संस्थेचे प्रमुख डेना व्हाइट यांनी २०११ मध्ये सांगितले होते. ते ‘कधीच’ जेमतेम दोन वर्षे टिकले!

या लढतीचे मोल नुसत्या पहिलेपणात नाही. ती त्या रात्रीची मुख्य लढत होती. ल्योतो माचिदा आणि डॅन हेंडरसन यांच्यासारखे नामवंत तिच्याआधी खेळले. स्त्रियांचा सामना तोंडी लावायला ठेवला नव्हता, तिकिटे त्याच्याच नावावर विकली गेली. पुढच्याच वर्षी ५२ किलोंचा महिला गट सुरू झाला. याच गटात ८ जून २०२४ रोजी लुइव्हिल येथे मुझफ्फरनगर जिल्ह्यातली पूजा तोमर लढली. ब्राझीलच्या रायान दोस सांतोसला तिने पंचांच्या विभागलेल्या निर्णयावर हरवले. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.