नाडी अडखळते तेव्हा: हृदयातल्या भूलभुलैयाची गोष्ट

आजची गोष्ट हृदयाच्या ठोक्यांची.

आमच्या वाशिमकडे छातीत धडधड झाली की लोक म्हणतात, टेन्शन घेतलं असंल. माझ्या आत्याचं तसं नव्हतं. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले. पुढे पस्तिशीत कळलं, हृदयाची झडप आकसलीय. याला रूमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात.

झडप आकसली की तिच्या मागचा कप्पा ताणून फुगतो. मग त्यातले विजेचे संदेश सरळ वाट सोडून गोल गोल फिरतात. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. हेच एट्रियल फिब्रिलेशन. रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा.

इतिहास बघा. झडपेवरचा इलाज आधी आला. १९५०च्या दशकात सर्जन चालू हृदयात बोट घालून झडप मोकळी करायचे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तर फेब्रुवारी १९६८मध्ये हृदयच बदललं. रुग्ण काही तासच जगला. पण थरथरणारा कप्पा पुन्हा तालावर आणणारं ऑपरेशन यायला अजून जवळपास वीस वर्षं लागली.

सप्टेंबर १९८७मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. जेम्स कॉक्स यांनी ते केलं. नाव 'मेझ', म्हणजे भूलभुलैया. कप्प्याला ठरावीक ठिकाणी छेद देऊन ते परत शिवायचे. तिथे व्रण तयार होतो, आणि व्रणातून वीज जात नाही. शेतात पाणी देताना आपण बांध घालून ते एकाच दांडाने नेतो ना? अगदी तसंच. २००२च्या सुमारास बरेचसे छेद जाऊन त्यांच्या जागी उष्णतेने किंवा गोठवून ओढलेल्या रेघा आल्या. हेच अ‍ॅब्लेशन.

झडपेसाठी छाती उघडलेलीच असते, मग त्याच वेळी हेही का नाही? २०१५मध्ये २६० रुग्णांचा अभ्यास आला. झडपेसोबत अ‍ॅब्लेशन केलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांचे ठोके वर्षानंतरही तालात होते. नुसत्या झडपेच्या ऑपरेशननंतर २९ टक्के. पण पेसमेकर लागणारेही जास्त निघाले, आणि वर्षभरातल्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे हा जादूचा इलाज नाही. शिवाय धातूची झडप बसवली, तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावीच लागते.

आत्याची झडप बदलली, नाडी मात्र अडखळतच राहिली. धाप लागायची, वावरात जाणं सुटलं. ठोक्यांचं काय करायचं, हे ना कुणी सांगितलं, ना आम्हाला विचारायचं सुचलं. म्हणून तुम्हाला सांगतो. घरात कुणाचं झडपेचं ऑपरेशन ठरलं, तर एवढं विचाराच: "डॉक्टर, ठोक्यांचं पण यातच काही करता येईल का?"

आणि लेकरांचा दुखणारा घसा अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा. पेनिसिलीन बनवायला पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४मध्येच उभी राहिली. या गोष्टीतला सगळ्यात स्वस्त इलाज तोच आहे.