‘एकच प्याला’ आणि सुटकेची वाट

मद्यपानाचा निषेध मराठी वाङ्मयात नवा नाही. कीर्तनकारांनी कच-देवयानीचे आख्यान लावले, की देवळाच्या सभामंडपात तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला आहे. असुरांनी कचाला जाळले, त्याची राख सुरेत कालवून शुक्राचार्यांस पाजली, आणि आचार्यांनी शेवटी सुरापानालाच शाप दिला, ही आदिपर्वातील कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९०८ च्या सुमारास पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांस परत फिरविण्याची चळवळ झाली. पुढे १९१३ साली खाडिलकरांनी याच आख्यानावर ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आणले, तेव्हा तो विषय प्रेक्षकांच्या ओळखीचा होता.

परंतु पुराणातील सुटका एका क्षणात होते. पश्चात्ताप झाला की पाश तुटला! संसारात असे घडत नाही, हे मराठी रंगभूमीवर निःशंकपणे सांगितले ते राम गणेश गडकऱ्यांनी.

गडकऱ्यांचा जन्म १८८५ साली नवसारीस, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानात झाला. आणि योगायोग असा, की ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोगही गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यासच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी केला. नाटककार मात्र तो पाहावयास उरले नव्हते. २३ जानेवारीस सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले होते. गडकरी स्वतः ‘गोविंदाग्रज’ या नावाने कीर्तीस चढलेले कवी. तरीही या नाटकाची पदे त्यांनी विठ्ठल सीताराम गुर्जरांकडून करवून घेतली. बालगंधर्वांच्या सिंधूने ती पदे घरोघरी पोहोचविली.

येथेच आमच्या मते एक अन्याय झाला. सिंधूचे दुःख गाण्यातून स्मरणात राहिले. सुधाकराचे गद्य मागे पडले. वस्तुतः व्यसनाचे खरे काव्य त्या गद्यात आहे. बुद्धिमान वकील सुधाकर न्यायालयातील अपमानाने पेटतो, सनद काही काळ हातची जाते, आणि तळीराम पहिला पेला पुढे करतो. येथवरची कथा सर्वांस आठवते. आर्यमदिरा मंडळातील विनोदावर तर प्रेक्षक खळखळून हसतात. पण सुधाकर दारू सोडतो, हे किती जणांच्या लक्षात असते? तो मनापासून निश्चय करतो आणि उपजीविकेसाठी ओळखीच्या लोकांकडे काम मागावयास जातो. त्याला मिळतो तो अपमान. कालच्या दारुड्यावर आज विश्वास ठेवावयास कोणी तयार नसतो. तो परततो तो पुन्हा पेल्याकडेच, आणि आपल्या मित्राला, रामलालला, या पाशातून सुटणे इतके दुर्घट का, हे अवस्था-अवस्थांनी उलगडून सांगतो. आपल्याच नाशाचे असे निर्दय निदान करणारा नायक त्यापूर्वी मराठीत आम्हांस आढळत नाही. पुढचा अंत, म्हणजे बालकाची हत्या, सिंधूचा मृत्यू आणि मद्यातच मिसळलेले विष, हा त्या बंद दारांचा परिणाम आहे असे आम्हांस वाटते.

गडकऱ्यांनी याच नाटकात दुसरा एक मनुष्य उभा केला आहे. भगीरथ हा प्रेमभंगाने दारूला लागलेला तरुण. त्याला रामलाल जवळ करतो, लोकसेवेचे कार्य त्याच्यापुढे ठेवतो, आणि भगीरथ सुटतो. त्याचा निश्चय सुधाकराच्या निश्चयाहून बळकट होता असे नाटक कोठेही म्हणत नाही. एकाला हात मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. समीक्षकांनी भगीरथाकडे उपकथानकातले पात्र म्हणूनच पाहिले, याचे आम्हांस नवल वाटते.

सिंधूच्या पातिव्रत्यावर पुढील पिढ्यांनी आक्षेप घेतले. पतीचा अपराध मरतानाही झाकणारी स्त्री हा आदर्श असू नये, हे म्हणणे आम्हांसही मान्य आहे. त्या वादाने मात्र सुधाकराचा प्रश्न आणखीच झाकला गेला.

तो प्रश्न उघडपणे हाती घेतला गेला तो फार पुढे. १९३५ साली अमेरिकेत मद्यासक्तांनी एकमेकांस सावरण्यासाठी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची स्थापना केली. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा वाहिली, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले. व्यसन हा आजार मानावा, उपचारानंतरही मनुष्याची साथ सोडू नये, आणि जो स्वतः त्यातून गेला त्याने दुसऱ्यास हात द्यावा, ही तेथील रीत.

गोव्यातील जत्रांतून देवळापुढे नाटके होतात, हौशी मंडळी जुनी संगीत नाटके अजून बसवितात. ‘एकच प्याला’ पुन्हा उभे राहिले तर वेळ वाचविण्यासाठी कात्री सिंधूच्या पदांना लागणार नाही, हे आम्ही जाणतो. ती भगीरथाच्या प्रवेशांना तरी लागू नये, आणि सुधाकराच्या कामाच्या शोधालाही.