सावित्रीच्या वाटेने आलेली खुर्ची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाडजवळचं सव हे गाव आपल्याला माहीत असतं ते गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. अंघोळ करून परत फिरताना समोरच्या सावित्रीच्या खाडीकडे फारसं कुणी पाहत नाही. एकेकाळी मात्र मुंबईहून महाबळेश्वरला जाणाऱ्यांची वाट या पाण्यावरून होती. बाणकोटचा किल्ला १७५५-५६च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि त्याचा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. पुढे १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून कंपनीनं महाबळेश्वरची जागा घेतली, मोबदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. मग उन्हाळा आला की मुंबईचे साहेब गलबतानं बाणकोटला, तिथून खाडीनं महाडच्या अंगाला, पुढे पोलादपूर आणि घाट चढून वर, असे निघत.

साहेब पालखीत बसला तरी त्याच्या सामानाला माणसाचं डोकं नाहीतर बैलाची पाठच लागायची. होडीतून उतरवायचं आणि घाट चढवायचा म्हणजे लाकडी सामान सुटं होणारं हवं. अशा सामानाची एक स्वतंत्र जातच इंग्लंडात तयार झाली होती. टेबलाचे पाय फिरकीचे, काढून खणात ठेवायचे. कपड्यांचं खणांचं कपाट एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्यांचं, म्हणजे एकेक पेटी बैलाच्या एकेका बाजूला. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. कड्या लाकडात खोल बसवलेल्या, बाहेर काही अडकू नये म्हणून. थॉमस शेरटन या इंग्रज सुतारानं १८०३ मध्ये छापलेल्या आपल्या कोशात छावणीच्या अशा सामानाला जागा दिलेली आहे. हे सामान इतकं साधं आणि सरळ रेषेतलं कसं, हे समजून घ्यायचं तर थोडं इटलीला जायला हवं.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही रोमन शहरं अनुक्रमे १७३८ आणि १७४८ पासून खणायला सुरुवात झाली. भिंतींवरची चित्रं, पितळी दिवे, तिवया असं रोजच्या वापरातलं जग वर आलं. तोवर युरोपातल्या श्रीमंत घरांत वळणावळणाचे पाय, शिंपले, पानाफुलांची गर्दी असा थाट होता. जुन्या ग्रीक-रोमन वस्तू पाहिल्यावर तो लोकांना एकाएकी बटबटीत वाटू लागला. रॉबर्ट अ‍ॅडम इटलीत शिकून १७५८ मध्ये लंडनला परतला आणि त्यानं घराच्या छतापासून खुर्चीपर्यंत सगळं एकाच शिस्तीत बसवायला घेतलं. खुर्चीचा पाय सरळ झाला, खाली निमुळता झाला, त्यावर देवळाच्या खांबासारख्या उभ्या खाचा आल्या. डावी बाजू उजवीसारखी. नक्षी असलीच तर एखादा कलश, एखादी पानांची माळ. हेपलव्हाइटचं नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये निघालं. ढालीच्या आकाराची पाठ असलेली खुर्ची त्याच्याच नावानं ओळखली जाते. यालाच कलेच्या इतिहासात नव-अभिजात शैली म्हणतात.

याच सुमारास आपल्याकडे काय होतं? १७९० मध्ये पुण्यात पेशवे आणि कंपनी यांच्यात तह झाला. त्या दरबाराचं थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये केलेलं मोठं तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सवाई माधवराव, नाना फडणवीस, इंग्रज वकील मॅलेट, सगळे बैठकीवर. गाद्या, लोड, तक्के यांचंच ते राज्य. मॅलेटला गुडघे मुडपून बसायला काय यातना झाल्या असतील, त्या त्याच्या त्याला ठाऊक! खुर्ची हा शब्द आपल्याकडे अरबी ‘कुर्सी’वरून आला, अलमारी पोर्तुगिजांकडून. पण घराघरांत ही लाकडं शिरली ती १८१८ नंतर, कचेऱ्यांच्या मागोमाग. मुंबईचा टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला, जिथे आज एशियाटिक सोसायटी आहे. त्याचे ग्रीक धर्तीचे खांब आणि त्या काळच्या खुर्चीचे पाय एकाच घराण्यातले.

आता यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग. इंग्रज कारागीर साध्या लाकडाच्या सांगाड्यावर महोगनीचा किंवा सॅटिनवूडचा पातळ पापुद्रा सरसानं चिकटवायचा. कोकणासारख्या दमट हवेत सरस ओला होतो, पापुद्रा फुगतो, सुटतो. घोड्याच्या केसांनी भरलेल्या गाद्यांत कीड पडते. आपल्या सुतारानं नमुना पाहून खुर्ची केली, पण आपल्या रीतीनं. भरीव साग किंवा शिसव घेतलं. सरसाच्या भरवशावर न राहता कुसू खाचेत बसवून लाकडी खुंटी मारली. गादीच्या जागी वेत विणला, त्यातून वारा खेळतो आणि घामाचा त्रास नाही. याला ‘नक्कल’ म्हणणं मला पटत नाही. घाट विलायतेचा खरा, पण वस्तू टिकली ती सुताराच्या अकलेमुळे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत शिसवी कोरीव सामानाची लाट आली. मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, हे त्याचं ठिकाण. द्राक्षांचे घड, पक्षी, जाळीदार पाठी. जागा मोकळी म्हणून सुटायची नाही. कौशल्य अफाट, पण ती शैली वेगळी आणि नंतरची. बाजारात मात्र दोन्हींना सरसकट ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतात, आणि कोरीव काम जास्त म्हणून किंमत जास्त, असा हिशेब लावतात. त्यात सरळ पायांची, वेताची साधी खुर्ची मातीमोलानं जाते.

हे आज सांगायचं कारण पाणी. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ला सावित्रीनं महाड बुडवलं. पूर ओसरल्यावर चिखलानं माखलेलं सामान रस्त्यावर आलं. त्यात प्लायवुडची कपाटं फुगून कामातून गेलेली असतात, त्यांना इलाज नाही. पण त्याच ढिगात एखादी जुनी सागवानी खुर्ची असली तर ती टाकू नये. चिखल वाळून घट्ट होण्याआधी तो ओल्या फडक्यानं काढावा. वस्तू उन्हात मुळीच ठेवू नये, लाकूड तडकतं. सावलीत, वारा लागेल अशी, जमिनीपासून उचलून आठवडेच्या आठवडे वाळू द्यावी. फुगलेले खण ओढून काढू नयेत, वाळल्यावर ते आपणहून सैल होतात. वेत कुजला तर नवा विणून घेता येतो, सांगाडा महत्त्वाचा. खिळे ठोकून सांधे आवळू नयेत आणि घाईनं पॉलिशही चढवू नये.

विकायचीच असेल तर आधी उलटी करून पाहावी. करवतीच्या खुणा वेड्यावाकड्या, खुंटीचं टोक किंचित वर आलेलं, पायाच्या आतल्या बाजूला रंधा न फिरवलेला, अशा खुणा असल्या तर ती हातानं घडलेली, बहुधा जुनी आहे. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही, हेही माहीत असावं. आणि शिसवाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१७ पासून त्या जातीच्या सगळ्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला आहे. आजोबांच्या ओटीवरच्या खुर्चीत जसं रुंद, गडद शिसव आहे, तसं आता सुताराकडे मागून पाहा. तो आधी हसेल, मग ती खुर्चीच विकत मागेल.