बादशहाच्या हकिगतीतलं मांजर

इच्छापुरला इच्छादेवीच्या पायऱ्यांवर एक मांजर सारखं कान खाजवत होतं. पिसवाच, दुसरं काय! मला जहांगीर आठवला. आग्र्याच्या १६१८-१९ च्या प्लेगची एक हकिगत त्याने आत्मचरित्रात दिली आहे. सांगणारी असफखानाची मुलगी. पण इथून जवळच, बुऱ्हाणपुरात १६३१ साली वारलेल्या मुमताजचा बाप तो हा असफखान नव्हे. झिंगल्यासारखा भेलकांडणारा उंदीर दासीने मांजरापुढे टाकला. त्याने तो धरला नि किळस येऊन लगेच सोडला. तरीही ते आजारी पडलं, जीभ काळी पडली. पण चौथ्या दिवशी सावरलं. दासीला मात्र गाठ आली नि ती गेली. मेल्या उंदराला सोडून पिसवा दुसरं अंग शोधतात आणि रोग तिथे नेतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ साली. बादशहाने उंदीर, मांजर, दासी सगळं टिपलं. पिसू तेवढी राहिली.